उन्हापासून इंधन: दावा तपासायचा कसा

माझं काम यंत्रामागचं. प्रयोगशाळेतली संशोधक मुलं नवनवे पदार्थ बनवतात, पाण्यात घालून त्यांच्यावर दिवा सोडतात आणि वर जमलेला वायू सिरिंजमध्ये ओढून माझ्याकडे आणतात. मी तो गॅस क्रोमॅटोग्राफमध्ये, म्हणजे मिश्रणातले वायू वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रात, सोडते आणि सांगते: हायड्रोजन इतका, ऑक्सिजन इतका आणि बाहेरून शिरलेली हवा इतकी. हा तिसरा आकडा कुणालाच ऐकायचा नसतो.

‘शास्त्रज्ञांनी बनवलं कृत्रिम पान’ किंवा ‘आता पाणी आणि उन्हापासून इंधन’ अशी बातमी आली की ओळखीतले लोक ती मला पाठवतात. खाली एकच ओळ असते, ‘हे खरं आहे का?’ बहुतेक वेळा खरं असतं. प्रयोग झालेला असतो, आकडाही मोजलेला असतो. पण तो आकडा कशाला कशाने भागून आला, हे बातमीत नसतं आणि सगळी गोम तिथेच असते. ती शोधायची माझी पद्धत इथे देते आहे. तिला रसायनशास्त्राची पदवी लागत नाही. मूळ शोधनिबंध मिळाला तर उत्तम, नाहीतर त्याचा गोषवारा आणि आकृत्या पुरतात. सोबत साधा कॅल्क्युलेटर ठेवा.

आधी यंत्राची जात ओळखा

झाडाचं पान दोन कामं करतं. उन्हाच्या जोरावर पाण्यातून इलेक्ट्रॉन काढून घेतं, त्यात ऑक्सिजन सुटतो. मग ते इलेक्ट्रॉन वापरून कार्बन डायऑक्साइडपासून साखर बनवतं. माणसाने बनवलेल्या यंत्रांपैकी बरीच पहिल्या कामावरच थांबतात आणि साखरेऐवजी हायड्रोजन देतात. दुसऱ्या कामापर्यंत जाणारी कार्बन मोनॉक्साइड, फॉर्मिक आम्ल, मिथेन, इथिलीन यांपैकी काहीतरी देतात. बातमीत नुसतं ‘इंधन’ म्हटलं असेल तर नेमकं कोणतं, हे सगळ्यात आधी पाहा.

कल्पना शंभर वर्षांहून जुनी आहे. इटलीचे रसायनशास्त्रज्ञ जाकोमो चामिचान यांनी १९१२ साली न्यूयॉर्कमधल्या व्याख्यानात, कोळशाऐवजी उन्हावर चालणाऱ्या रासायनिक उद्योगाचं चित्र मांडलं होतं. पुढे १९७२ मध्ये अकिरा फुजिशिमा आणि केनिची होंडा यांचा टायटॅनियम डायऑक्साइडवरचा निबंध ‘नेचर’ या विज्ञान-नियतकालिकात आला. त्या इलेक्ट्रोडवर प्रकाश पडला की पाणी फुटतं, हे त्यात दाखवलं होतं. आजची बरीचशी यंत्रं त्याच निबंधाची वंशज आहेत.

रचनेनुसार यंत्राच्या ढोबळ तीन जाती पडतात. पहिली पुडीची: अर्धवाहकाची पूड पाण्यात कालवायची किंवा काचेवर थापायची आणि उन्हात ठेवायची. तार नाही, बॅटरी नाही. स्वस्त, पण कार्यक्षमता, म्हणजे उन्हातल्या ऊर्जेपैकी इंधनात साठणारा वाटा, कमी, आणि हायड्रोजन व ऑक्सिजन एकाच जागी मिसळून बाहेर येतात. दुसरी जात इलेक्ट्रोडची. यात प्रकाश शोषणारा थर पाण्यात बुडवलेला असतो आणि दुसरा इलेक्ट्रोड वेगळा असतो, त्यामुळे दोन वायू वेगळे ठेवता येतात. तिसऱ्या जातीत सौर घट कोरडाच राहतो, बाहेर, आणि त्याची वीज विद्युतअपघटन करणाऱ्या, म्हणजे विजेने पाणी फोडणाऱ्या, पेटीला देतात.

या तिसऱ्या जातीला ‘कृत्रिम पान’ म्हणणं मला ओढूनताणून वाटतं, पण त्यावरून मी भांडत नाही. तुलना करताना तेवढं ध्यानात ठेवते. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या गटाने २०१६ मध्ये अशाच जोडणीतून सरासरी ३० टक्के कार्यक्षमता ४८ तास टिकवून दाखवली. त्यात तीन थरांचा महागडा सौर घट होता, त्यावर अनेक पटींनी एकवटलेला प्रकाश होता आणि अपघटनाच्या दोन पेट्या होत्या. हा आकडा पुडीच्या प्रयोगाशेजारी ठेवून ‘तीस कुठे आणि अर्धा टक्का कुठे’ असं म्हणणं अन्यायाचं आहे.

मग रंग पाहा

ही माझी आवडती युक्ती. तिला एक पैसा लागत नाही. बातमीसोबतचं हिरवं, चमकणारं पान सोडून द्या, ते कुणीतरी संगणकावर काढलेलं असतं. शोधनिबंधातला खऱ्या पुडीचा किंवा इलेक्ट्रोडचा फोटो शोधा.

पदार्थ पांढरा दिसतो, याचा अर्थ डोळ्यांना दिसणारा सगळा प्रकाश तो परत पाठवतो. म्हणजे त्याला फक्त अतिनील किरणं वापरता येतात, आणि जमिनीवर पोहोचणाऱ्या सूर्याच्या ऊर्जेत अतिनील भाग जेमतेम ४ ते ५ टक्के असतो. टायटॅनियम डायऑक्साइड पांढरा, स्ट्रॉन्शियम टायटानेटही पांढरा. यांच्यावर कितीही मेहनत घ्या, उन्हात त्यांची कमाल मर्यादा एक-दोन टक्क्यांच्या घरात राहते.

थोडं नेमकं हवं असेल तर निबंधात ‘बँड गॅप’ हा शब्द शोधा. पदार्थाला जागं करायला फोटॉनमध्ये, म्हणजे प्रकाशाच्या कणात, किमान किती ऊर्जा हवी, ते हा आकडा सांगतो. १२४० ला त्याने भागलं की कुठपर्यंतच्या तरंगलांबीचा प्रकाश चालेल ते नॅनोमीटरमध्ये मिळतं. ३.२ इलेक्ट्रॉनव्होल्ट असेल तर साधारण ३८८ नॅनोमीटर, म्हणजे अतिनील. पिवळ्याधमक बिस्मथ व्हॅनाडेटचा बँड गॅप २.४, म्हणजे ५१७ नॅनोमीटर. निळा आणि थोडा हिरवा प्रकाश त्याच्या कामी येतो, आणि उन्हात त्याची सैद्धांतिक मर्यादा ९ टक्क्यांच्या आसपास जाते. गंजासारखा तांबडा आयर्न ऑक्साइड २.१ च्या आसपास, मर्यादा १५ टक्क्यांच्या घरात.

मग सगळे गंजच का वापरत नाहीत? कारण रंग फक्त छत किती उंच आहे ते सांगतो. आयर्न ऑक्साइडमध्ये प्रकाशाने तयार झालेले धन भार काही नॅनोमीटर सरकतात न सरकतात तोच इलेक्ट्रॉनला भेटून विझून जातात. पाण्यापर्यंत पोहोचतात ते थोडेच. म्हणून तांबडी पूड दिसली की लगेच खूश होऊ नका. पांढरी दिसली तर मात्र मोठे आकडे पाहताना सावध व्हा.

उलट्या टोकाला सिलिकॉन आहे. काळपट असल्याने प्रकाश भरपूर शोषतो, पण एका थराला पाणी फोडण्याइतका विद्युतदाब देता येत नाही. पाण्याला सिद्धांताप्रमाणे १.२३ व्होल्ट लागतात आणि उत्प्रेरकांवरचा तोटा धरून व्यवहारात १.६ ते १.८. म्हणून थर एकावर एक रचावे लागतात. अमेरिकेतले रसायनशास्त्रज्ञ डॅनिएल नोसेरा यांच्या गटाचं २०११ चं गाजलेलं ‘कृत्रिम पान’ असंच होतं: तीन थरांचं सिलिकॉन, ऑक्सिजनच्या बाजूला कोबाल्टचा उत्प्रेरक, हायड्रोजनच्या बाजूला निकेल, मॉलिब्डेनम आणि जस्ताचं मिश्रण. कार्यक्षमता तार जोडलेल्या रचनेत ४.७ टक्के आणि बिनतारी रचनेत २.५ टक्के. पाण्याच्या भांड्यात उभ्या पातळ पट्टीच्या दोन्ही अंगांनी बुडबुडे निघताना पाहून जग भारावलं होतं. ते योग्यच होतं. पण बातम्यांत बुडबुडे आले आणि २.५ राहून गेलं.

टक्के कशाचे?

आता मुख्य आकड्याकडे या. हा भाग नीट वाचा, कारण इथे खोटं कुणीच बोलत नसतं आणि तरी वाचणाऱ्याचा गैरसमज होतो.

जपानमधल्या काझुनारी दोमेन यांच्या गटाने २०२० मध्ये ॲल्युमिनियम मिसळलेल्या स्ट्रॉन्शियम टायटानेटवर पाणी फोडून ९६ टक्क्यांपर्यंत क्वांटम कार्यक्षमता मिळवली. त्याच जातीच्या पदार्थाचे फलक जोडून त्यांनी उघड्यावर १०० चौरस मीटरची रचनाही उभी केली आणि काही महिने चालवली; तिचा निबंध पुढच्याच वर्षी आला. तिची उन्हातली कमाल कार्यक्षमता ०.७६ टक्के. दोन्ही आकडे खरे, दोन्ही ‘नेचर’मध्ये छापलेले. मग ९६ कुठे गेले?

कुठेच गेले नाहीत. पहिल्या मोजणीत भाजक होता ३५० ते ३६० नॅनोमीटरचा प्रकाश, म्हणजे पदार्थाला झेपणारे अतिनील फोटॉन. त्या शंभरातले ९६ कामी आले. ही फार मोठी गोष्ट आहे, कारण प्रकाशाने जागे केलेले भार वाया न जाता पाण्यापर्यंत नेता येतात हे तिने सिद्ध केलं. दुसऱ्या मोजणीत भाजक अख्खं ऊन. पांढऱ्या पुडीला त्यातला बहुतेक भाग दिसतच नाही. वर सांगितलेली रंगाची युक्ती आठवली असेल तर तुम्हाला ०.७६ चा धक्का बसायला नको.

म्हणून टक्के दिसले की तीन गोष्टी शोधा. दिवा कोणता: एका रंगाचा एलईडी, की सूर्यासारखा वर्णपट देणारा सिम्युलेटर, की खरं ऊन? सिम्युलेटर असेल तर निबंधात ‘एएम १.५’ आणि ‘दर चौरस सेंटिमीटरला १०० मिलिवॅट’ असं लिहिलेलं असतं. हे प्रमाण ऊन, सगळे याच्याशी तुलना करतात. दुसरं, प्रकाश भिंगाने एकवटलाय का? मिशिगन विद्यापीठातल्या गटाने २०२३ मध्ये इंडियम गॅलियम नायट्राइडवर ९.२ टक्के मिळवले, तेही बाहेरून वीज न देता. त्यात प्रकाश खूप एकवटला होता आणि त्याच्याच उष्णतेने पाणी ७० अंशांच्या आसपास ठेवलं होतं. उघड्यावर, खऱ्या उन्हात तो आकडा ६.२ होता. मला हा ६.२ जास्त आवडतो, कारण सोबत खरं ऊन आहे. तिसरं, भाजकात पदार्थावर पडलेला सगळा प्रकाश आहे, की फक्त त्याने शोषलेला? शोषलेलाच धरला की आकडा आपोआप फुगतो.

इलेक्ट्रोडच्या जातीत एक सोपा हिशेब आहे. प्रमाण ऊन असेल आणि बाहेरून वीज दिली नसेल, तर दर चौरस सेंटिमीटरला जितके मिलिअँपिअर प्रवाह, त्याला १.२३ ने गुणा. उत्तर थेट टक्क्यांत येतं. ४ मिलिअँपिअर म्हणजे ४.९ टक्के. १० टक्के हवे असतील तर ८.१ मिलिअँपिअर लागतात. बोटांवर करता येतो.

पण ‘बाहेरून वीज दिली नसेल तर’ ही अट विसरलात की फसाल. या क्षेत्रात प्रकाशाच्या इलेक्ट्रोडचा प्रवाह एका ठरावीक विद्युतदाबाला सांगायची रीत आहे, आणि तो दाब नेमका १.२३ व्होल्ट. समजा निबंधात लिहिलंय, ‘१.२३ व्होल्टला ६ मिलिअँपिअर’. वाचणारा झटकन गुणाकार करून ७.४ टक्के काढतो. खरं तर बाहेरून दिलेला दाब १.२३ मधून वजा करून मग गुणायचं असतं. १.२३ वजा १.२३, उरलं शून्य. पदार्थ चांगला असेलही, पण त्या बिंदूवर पाणी फोडायला लागणारा सगळा दाब सॉकेटमधून आलाय. संशोधकांना हे माहीत असतं, त्यांना फक्त दोन पदार्थांची तुलना करायची असते. बातमी लिहिणाऱ्याला माहीत नसतं.

वायू मोजलाय का?

आता माझ्या टेबलावर या. प्रवाह वाहिला म्हणजे हायड्रोजन निघालाच, असं नाही. इलेक्ट्रॉन कुठेही जाऊ शकतो: इलेक्ट्रोड स्वतः गंजू शकतो, पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन परत खाल्ला जाऊ शकतो, उत्प्रेरकाचं रूप बदलू शकतं. म्हणून निबंधात वेळ आणि वायू यांचा आलेख शोधा. नुसताच वेळ आणि प्रवाह यांचा असेल तर अर्धीच गोष्ट सांगितली आहे.

ताळा कसा घ्यायचा ते सांगते. एक मिलिअँपिअर प्रवाह एक तास वाहिला तर हायड्रोजन १८.७ मायक्रोमोल (हे रेणू मोजायचं एकक) निघायला हवा, ऑक्सिजन त्याच्या निम्मा, ९.३. हायड्रोजनचा हा साठा साध्या तापमानाला अर्ध्या मिलिलिटरपेक्षाही कमी असतो. निबंधातला प्रवाह आणि तास या हिशेबात घाला आणि उत्तर त्यांच्या वायूच्या आलेखाशी ताडून पाहा. दोन्ही जुळले तर संशोधक ‘फॅराडे कार्यक्षमता जवळपास १०० टक्के’ असं लिहितात. ७० आली तरी हरकत नाही, उरलेले ३० कुठे गेले ते सांगितलं असेल तर.

आता हवेचं बोलू. प्रयोगाच्या भांड्याच्या तोंडाशी रबरी पडदा असतो, त्यातून सुई घालून वायू काढतात. तो पडदा वारंवार टोचला की गळू लागतो, आणि सुईच्या पोकळीत थोडी हवा असतेच. ०.१ मिलिलिटर हवेत ऑक्सिजन असतो ०.८५ मायक्रोमोल. प्रयोगातला प्रवाह ०.१ मिलिअँपिअर असेल तर तासाभरात खरा ऑक्सिजन निघतो ०.९३ मायक्रोमोल. म्हणजे सुईतून शिरलेली चिमूटभर हवा आणि तासभराची मेहनत, दोन्हींचा ऑक्सिजन जवळपास सारखा. यंत्राला दोन्ही सारखेच दिसतात.

वाचवतो तो नायट्रोजन. पाणी फोडून नायट्रोजन निघत नाही, तो दिसला तर हवेतूनच आला. हवेत नायट्रोजन ऑक्सिजनच्या ३.७ पट असतो. तेव्हा जितका नायट्रोजन दिसेल त्याला ३.७ ने भागायचं आणि येईल तेवढा ऑक्सिजन वजा करायचा. चांगल्या निबंधाच्या पुरवणीत क्रोमॅटोग्राम, म्हणजे माझ्यासारख्या यंत्राने काढलेला आलेख, छापलेला असतो. त्यात हायड्रोजनचं, ऑक्सिजनचं आणि नायट्रोजनचं अशी तीन शिखरं शोधा. नायट्रोजनचं अगदी ठेंगणं असेल तर त्या प्रयोगशाळेत कुणीतरी काळजीपूर्वक काम केलंय. ऑक्सिजनपेक्षा तीन-चार पट मोठं असेल तर तिथे हवाच मोजली गेलीय. आलेखच नसेल, तर मी तो निबंध बाजूला ठेवते आणि चहाला जाते.

पुडीच्या प्रयोगात आणखी एक सोपी खूण आहे. हायड्रोजन आणि ऑक्सिजन दोनास एक या प्रमाणात यायला हवेत, तेही सुरुवातीपासून शेवटपर्यंत. दोन सरळ रेषा, एकीचा चढ दुसरीच्या दुप्पट. हायड्रोजन आहे पण ऑक्सिजनचा पत्ता नाही, असं असेल तर पाणी फुटतंय याला पुरावा नाही. हायड्रोजन दुसऱ्या कशातून तरी येत असण्याची शक्यता मोठी. ती दुसरी गोष्ट कोणती, ते पुढे.

आणि कोरे प्रयोग. दिवा बंद ठेवून, पूड न घालता, पूड घालून पण उत्प्रेरक न लावता, असे प्रयोग केले का? त्यांचे आकडे सहसा पुरवणीत कोपऱ्यात दडलेले असतात. मला निबंधातलं सगळ्यात प्रामाणिक पान तेच वाटतं.

भांड्यात आणखी काय घातलंय?

कृतीच्या परिच्छेदात मिथेनॉल, ट्रायइथेनॉलअमीन, लॅक्टिक आम्ल, सोडियम सल्फाइट यांपैकी काही दिसलं तर थांबा. पाण्यातून इलेक्ट्रॉन काढणं हे या साऱ्या खेळातलं सगळ्यात अवघड काम. एक ऑक्सिजन रेणू सोडायला चार इलेक्ट्रॉन एकामागून एक काढावे लागतात. पानात ते काम मँगनीजचे चार आणि कॅल्शियमचा एक अणू असलेला छोटासा पुंजका करतो. त्याची बारीकसारीक रचना जपानी संशोधकांनी २०११ मध्ये १.९ अँगस्ट्रॉमपर्यंत, म्हणजे जवळपास अणूच्या आकारापर्यंत, उलगडली. प्रयोगशाळेत या कष्टाला बगल देता येते: मिथेनॉलसारखं रसायन घाला, ते आपले इलेक्ट्रॉन सहज देऊन टाकतं आणि स्वतः संपतं. हायड्रोजन भरभरून निघतो. पण हे म्हणजे सासऱ्याच्या पैशावर दुकान चालवून नफा दाखवण्यासारखं आहे.

असा प्रयोग निरुपयोगी नाही. हायड्रोजनच्या बाजूचा उत्प्रेरक नीट चालतो का, हे तपासायला संशोधक तो मुद्दाम करतात आणि तसं लिहितातही. बातमीत मात्र ‘पाण्यापासून हायड्रोजन’ होऊन जातं. रसायन दिसलं की ‘पाणी फोडलं’ हे शब्द खोडा आणि ‘हायड्रोजनची अर्धी बाजू तपासली’ असं वाचा.

याच परिच्छेदात एककही पाहून घ्या. ‘दर ग्रॅमला दर तासाला इतके मायक्रोमोल’ हा आकडा मोठा दिसतो, पण बहुतेकदा प्रयोग काही मिलिग्रॅम पुडीचा असतो आणि ग्रॅमपर्यंत नुसता गुणाकार केलेला असतो. पूड दुप्पट केल्याने वायू दुप्पट होत नाही, कारण एका हद्दीनंतर सगळा प्रकाश आधीच शोषला गेलेला असतो. एवढ्या एका आकड्यावर दोन निबंधांची तुलना करू नका.

कार्बन आला कुठून?

कार्बन डायऑक्साइडपासून इंधन बनवल्याचा दावा असेल तर एक जादा पायरी. निघणारं उत्पादन बहुधा इतकं कमी असतं की ते भांड्यातल्या जुन्या कार्बनमधूनही येऊ शकतं: पूड बनवताना राहिलेला द्रावक, धातूला चिकटलेले सेंद्रिय रेणू, किंवा उत्प्रेरक स्वतःच कार्बनचा असेल तर तोही. प्रकाशात हे सगळं हळूहळू तुटतं आणि त्यातून कार्बन मोनॉक्साइड किंवा मिथेन निघू शकतो.

उपाय ठरलेला आहे. साध्या कार्बन डायऑक्साइडऐवजी कार्बन-१३ असलेला वापरायचा. तो थोडा जड. उत्पादनात तोच जड कार्बन सापडला तर दावा पक्का. वस्तुमान मोजणाऱ्या यंत्रात साधा कार्बन मोनॉक्साइड २८ वर दिसतो आणि जड २९ वर. इथे एक गंमत आहे: नायट्रोजन आणि इथिलीन हेही २८ वरच दिसतात. म्हणून आधी क्रोमॅटोग्राफने वायू वेगळे करून मग वजन करावं लागतं. निबंधात ‘कार्बन-१३’ हा शब्द शोधा. सापडला नाही आणि उत्पादन मायक्रोमोलमध्ये असेल, तर विश्वास आवरता घ्या.

तांब्याच्या इलेक्ट्रोडवर तर एकाच वेळी डझनभर प्रकारची उत्पादनं येऊ शकतात. त्यातलं हवं ते किती टक्के आणि सोबत फुकट निघालेला हायड्रोजन किती, हेही विचारा.

किती तास, किती जागा

तासांबद्दल फार बोलायला नको. प्रखर उन्हात पानातलं डी१ नावाचं प्रथिन इतक्या लवकर मोडतं की ते तासाभराच्या आतही बदलावं लागतं. पान ते बदलत राहतं. आपल्या इलेक्ट्रोडला ती सोय नाही. दहा वर्षं चालायचं म्हटलं तर, रोज पूर्ण उन्हाचे पाच तास धरून, १८,००० तास होतात. निबंधात ‘उत्कृष्ट टिकाऊपणा’ लिहिलं असेल आणि आलेख १० तासांवर संपत असेल तर तुम्हीच ठरवा. आलेखाचा शेवटचा भाग पाहा: रेषा आडवी चालली आहे की वाकू लागली आहे?

जागेचा हिशेब मात्र स्वतः करून पाहा. चांगल्या उन्हाच्या ठिकाणी एका चौरस मीटरवर दिवसाला सुमारे ५ किलोवॅट-तास ऊर्जा पडते. कार्यक्षमता १० टक्के असेल तर त्यातली अर्धा किलोवॅट-तास हायड्रोजनमध्ये साठते, म्हणजे सुमारे १५ ग्रॅम. दिवसाला एक किलो हायड्रोजन हवा असेल तर ६५ चौरस मीटर लागतात. ०.७६ टक्क्यांच्या त्या १०० चौरस मीटरच्या रचनेला याच उन्हात, अगदी कमाल आकडा धरला तरी, दिवसाला ११५ ग्रॅमच्या आसपास मिळाला असता. पाण्याची चिंता नको: एक किलो हायड्रोजनला ९ किलो पाणी.

पुडीची जात असेल तर वायू वेगळे कसे केले, हेही विचारा. हायड्रोजन आणि ऑक्सिजनचं मिश्रण फार मोठ्या पल्ल्यात स्फोटक असतं, हायड्रोजन ४ टक्के असो की नव्वद. त्या जपानी गटाने मिश्रण पातळ पडद्यातून गाळून हायड्रोजन वेगळा केला आणि आपली नळ्यांची रचना सुरक्षित आहे का हे पाहायला मिश्रण मुद्दाम पेटवूनही पाहिलं. अशी चाचणी मला शंभर टक्केवाऱ्यांपेक्षा जास्त सांगून जाते.

शेवटी एक तुलना, आणि ती टाळू नका. आज छपरांवर दिसणारा सिलिकॉनचा फलक उन्हातलं साधारण २० टक्के वीज करतो. अपघटनाची पेटी त्या विजेतलं ६५ ते ७० टक्के हायड्रोजनमध्ये साठवते. गुणाकार केला की १३-१४ टक्के. दोन्ही वस्तू बाजारात मिळतात, दोन्ही वर्षानुवर्षं चालतात आणि ढग आले तर पेटी दुसरीकडच्या विजेवरही चालते. नव्या यंत्राला या जोडीशी टक्कर द्यायची आहे. त्यासाठी १४ टक्के गाठायलाच हवेत असं नाही. काचेवर फवारलेली पूड ५ टक्क्यांवरही चालेल, जर ती फलक आणि पेटी मिळून होणाऱ्या खर्चाच्या लहानशा अंशात पसरता आली आणि वर्षानुवर्षं टिकली. किंवा हायड्रोजनवर न थांबता सरळ इथिलीन, फॉर्मिक आम्ल असं काही देणारं यंत्र असेल, तर त्याची तुलना या जोडीला पुढे आणखी एक कारखाना जोडून करायची. निबंधाच्या शेवटच्या परिच्छेदांत ही तुलना केली आहे का ते पाहा. नसेल तर कार्यक्षमता, टिकलेले तास आणि क्षेत्रफळ हे तीन आकडे कागदाच्या एका बाजूला लिहा आणि दुसऱ्या बाजूला १४ टक्क्यांच्या जोडीचे तेच तीन.